दारात वाकलेला आवाज

काल माळा आवरताना कर्णा खाली आला. धाकट्या मुलाने तो शिडीवरून लेकरासारखा कडेवर घेऊन उतरवला आणि अंगणातल्या फरशीवर ठेवला. लाऊडस्पीकरचा जुना पत्र्याचा कर्णा, धोतऱ्याच्या फुलासारखा उमललेला. रंग उडाला आहे. कडेला एक पोचा आहे, तो मोशीजवळ बैलगाडी कलंडली तेव्हाचा. नात म्हणाली, "आजी, हे भंगारात द्यायचं ना?" मी काहीच बोलले नाही. माझं न बोलणं आमच्या घरात सगळ्यांना कळतं. ती ओलं फडकं घेऊन आली आणि कर्णा पुसायला बसली.

मी वाकून त्याच्या अरुंद तोंडाशी नाक नेलं. गंजाचा वास आला. पण गंजाच्या मागून आणखी एक वास आला, चैत्रातल्या कडुनिंबाच्या मोहराचा, गोड आणि थोडा कडवट. कदाचित तो कर्ण्यात नसेल. कदाचित इतकी वर्षं तो माझ्या नाकातच राहिला असेल.

आता या निगडीत सेक्टर आहेत, बंगले आहेत, बसचा मोठा थांबा आहे. मी रावेतहून लग्न होऊन आले तेव्हा निगडी म्हणजे मुंबईच्या रस्त्याला लागून वसलेलं लहान गाव होतं. रस्त्यावरून एखादी मोटार गेली की तिचा आवाज आकुर्डीपासून ऐकू यायचा आणि ती दिसेनाशी झाली तरी बराच वेळ मागे रेंगाळायचा. मधल्या वेळात नुसता वारा. ज्वारीच्या पात्यांची सळसळ, मोटेच्या चाकाचं कुरकुरणं, आणि लांबून कुणीतरी कुणाला दिलेली हाळी. आमच्याकडे सगळे हाळी देऊनच बोलायचे. शेतं लांब, वस्त्या लांब, मध्ये ओढा नाहीतर नदी. माहेरी पवनेच्या या काठावरून त्या काठावरच्या बाईला मीठ आहे का विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. आवाज म्हणजे गोफणीतला धोंडा. जितकं लांब, तितका जोर. हे कुणी शिकवत नसे, सगळ्यांना येतच असे.

मला तेवढं येत नव्हतं. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. उजळणी म्हणताना गुरुजी माझ्यासमोर थांबायचे आणि म्हणायचे, "ओठ हलतायत. आवाज घरी ठेवून आलीस का?" सगळी पोरं हसायची. सासरी आले तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचा आवाज असा की गोठ्यातली म्हैस त्यांच्या एका हाकेला दूध सोडायची. दुपारी त्या शेतातून आल्या की मी विचारायची, "आत्याबाई, पाणी देऊ का?" त्या इकडेतिकडे बघायच्या. "कोण बोललं? मांजर शिरलं का घरात?" आणि स्वतःच उठून घागरीत तांब्या बुडवायच्या. रोज. मी तिथेच रिकामा तांब्या धरून उभी असायची.

मग ती म्हैस गेली आणि कर्णा आला.

आमचे हे लग्नाआधी पुण्यात रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात होते. तिथे ह्यांना या आवाजाच्या यंत्राचं वेड लागलं. एक दिवस आत्याबाईंची चंद्री म्हैस बाजारात गेली आणि परत येताना ह्यांच्यासोबत बैलगाडीत कडब्यावर ठेवलेलं आवाज मोठा करायचं एक मशीन, मोटारीची बॅटरी, माईक आणि हा कर्णा आला. आत्याबाई ओट्यावर बसून राहिल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "म्हैस दूध देत व्हती. ह्यो काय देतो?"

"आत्ता लग्नं, जत्रा सगळीकडं हे लागणार, आई," हे म्हणाले.

"पिंपरीला औषधाची कंपनी उभी ऱ्हातीय. लोकांची पोरं तिथं चिकटाया लागली. तू पत्र्याचं फूल घिऊन फिर." मग त्यांनी शेवटचं सांगून टाकलं. "चैतात कुरुळीची जत्रा हाय न्हवं? तिथं धड वाजलं तर ठेव. न्हाई तर भोंगा माघारी दे, माझी म्हैस आण, आन् कंपनीत जा."

ह्यांनी मान हलवली. पण त्या रात्री मशीनवरची धूळ पुसताना ह्यांचा हात किती हळू फिरत होता ते मी पाहिलं. दुसऱ्या कुठल्या कामात तो हात असा फिरणार नाही, हे मला कळलं.

आत्याबाई चिंचवडच्या बाजाराला गेल्या की हे मशीन लावायचे. आतल्या काचेच्या दिव्यांना हे व्हॉल्व्ह म्हणायचे. ते हळूहळू तांबूस व्हायचे, आणि तापलेल्या काचेवर धूळ जळल्याचा वास घरभर पसरायचा, रिकामा तवा चुलीवर राहिल्यासारखा. हे कर्णा छपरावर बांधायचे आणि स्वतः लांब बांधावर जाऊन बसायचे. माईकपाशी मी.

"काय बोलू?" मी विचारायची.

"उजळणी म्हण."

बे एके बे. माझ्या ओठांतून निघालेलं ते छपरावर जाऊन मोठं व्हायचं आणि ज्वारीवरून, आंब्याच्या झाडावरून, विहिरीवरून पार बांधापर्यंत जायचं. ह्यांचा लाल पटका तिकडून हलायचा, ऐकू आलं म्हणून. पहिल्या दिवशी मी बे पंचे दहालाच थांबले. तो आवाज माझा होता, हे मला खरंच वाटेना. मी पदराने तोंड पुसलं, जणू तिथे काही सांडलं होतं.

एकदा आत्याबाई बाजारातून लवकर आल्या. मशीन चालू पाहून त्या माईकशेजारी उभ्या राहूनच ओरडल्या, "चुलीवर काय हाय का न्हाई आज?" आणि वर छपरावर कर्ण्यातला आवाज खर्रर्र करून फाटला. कोंबड्या उडाल्या. आत्याबाईंनी वर पाहिलं. "बघ, माझा आवाज खाल्ला मेल्यानं."

मी ह्यांना नंतर विचारलं, असं का होतं? ह्यांनी समजावलं. व्हॉल्व्ह, ओव्हरलोड, पडदा. मी मान डोलावत राहिले. काहीच कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन गोठ्यात शिरत होते. गोठ्याचं दार ठेंगणं. घाईत मी वाकायला विसरले, आणि खर्रर्र झालं. अगदी तोच आवाज. भाऱ्याचे शेंडे दाराच्या चौकटीला घासून मोडले आणि बाहेर पडले. आत पोचला तो बोडका भारा, डोकं उडवल्यासारखा. मी तशीच उभी राहिले. आत बैल वाट बघत होते, अंगावर कडब्याची कुसं टोचत होती, आणि मला हसू येत होतं. मला कळलं होतं.

कुरुळीची जत्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. गावाबाहेरच्या चढाला घाट म्हणायचे, त्या घाटावरून गाडे पळवायचे. पुढे घोडी, तिच्यावर एक जण बसलेला, मागे बैल, आणि सगळ्यांच्या मागे धुळीची भिंत. आम्ही सकाळीच पोचलो. गुलालाचा, घामाचा, गोडीशेव तळल्याचा वास. निंबाच्या मोहराचा सडा पडला होता आणि त्याच्यावरून माणसं चालली की तो वास वर यायचा. ह्यांनी त्याच निंबावर चढून कर्णा बांधला. खाली बाजेवर मशीन मांडलं. आत्याबाई आणि मी बायकांच्या घोळक्यात बसलो, जवळच, सावलीला.

गाडा कुणाचा लागणार ते पुकारायचा मान राघूआबांचा. गावात दवंडी देणारे तेच. त्यांच्या बापाकडे तो मान होता आणि त्याच्याही बापाकडे. उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, पांढऱ्या झुबकेदार मिशा. त्यांनी देवळापाशी हाळी दिली की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची चूल विझवून माणसं उठतात, असं लोक म्हणायचे. पण आदल्या साली शर्यतीत दुपारी त्यांचा गळा बसला होता. म्हणूनच पंचांनी कर्णा सांगितला होता.

राघूआबा माईकपाशी आले. त्यांनी समोर पाहिलं. चढाच्या पार त्या टोकाला गाडे उभे होते, मुंगीएवढे. इतकं लांब. म्हणून त्यांनी छातीभर दम घेतला, एक हात कानावर ठेवला, दुसरा तोंडापाशी, माईक जवळजवळ दातांत धरला आणि हाळी दिली.

निंबावरचे कावळे उठले. कर्णा फाटला. खर्रर्र, भर्रर्र, आणि त्यात शब्द एकही नाही. टोकावरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. एकही गाडा हलला नाही. राघूआबांनी आणखी जोर लावला. आणखी फाटला.

"आबा, गाढव आणलंय का गाड्याला?" कुणीतरी पोरगं ओरडलं. सगळा उतार हसला.

आबांचा चेहरा मी जवळून पाहिला. ज्या माणसाच्या आवाजावर उभ्या आयुष्यात कुणी हसलं नव्हतं, त्याचा चेहरा होता तो. ह्यांनी घाईघाईने मशीनचं बटण उलटं फिरवलं. आवाज लहान झाला. पण फाटलेलाच राहिला.

गावचे पाटील उठून आले. "ओ निगडीकर पाव्हणं, ह्यो काय कावळ्यांची शाळा भरवली का?"

"पाटील, त्यांना जरा हळू बोलायला सांगा. माईकवर ओव्हरलोड होतोय. व्हॉल्व्हला झेपत नाही."

"मंग झेपंल असा व्हाल घालायचा व्हता."

"माझा आवाज कधी फाटला न्हाई," राघूआबा म्हणाले. "बापाचा न्हाई, आज्याचा न्हाई. ह्यो पत्रा फाडतोय माझा आवाज. आन् वर ह्यो मला म्हंतो, हळू बोल. लांबच्याला हाळी हळू देत्यात व्हय?"

यावर उतारावरच्या सगळ्या माना हलल्या. लांबच्याला कुणी हळू हाळी देतं का? मीही लहानपणापासून तेच ऐकलं होतं.

"काढा ते खाली," पाटील म्हणाले. "आबा बिनभोंग्याचंच पुकारतील."

ह्यांनी कर्णा सोडायला झाडाच्या बुंध्यावर पाय ठेवला. शेजारी आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "गेली माझी म्हैस," त्या म्हणाल्या. रागाने नाही. थकून.

मी शेजारच्या बाईला म्हटलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. हळूच म्हटलं, "आवाज फाटत नाही हो. दारात अडकतोय. कडब्याचा भारा गोठ्यात नेताना वाकलं नाही की शेंडे मोडतात ना, तसं."

ती बाई वळली. "काय म्हणालीस? मोठ्यानं सांग."

"मोठ्यानं मला येत नाही."

"मी राघूबाची बायकू हाय," ती म्हणाली. "ठकूबाई. माझ्या नवऱ्यावर सारी जत्रा हसली. तुला ठावं आसंल तर तू आत्ताच्या आत्ता सांगायचं." आणि तिने माझा हात धरून मला उठवलं. जाडजूड, शेणाने खरखरीत झालेला हात. मी नाही म्हणाले, पण माझं नाही कुणाला ऐकू आलं होतं आजवर? पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत तिने मला बाजेपाशी नेऊन उभं केलं. "हिला काय सांगायचंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. हे अर्ध्या झाडावर होते. ह्यांनी वरून माझ्याकडे पाहिलं, आणि खाली उतरले. ह्यांनी बटण जागेवर फिरवलं, माईक माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, "घरी बोलतेस तसं बोल."

मला काहीच आठवेना. ना भारा, ना दार, ना उजळणी. समोर हजारो माणसं, आणि मला फक्त आत्याबाई दिसल्या. उन्हाने लाल झालेल्या, सकाळपासून घोटभर पाणी न प्यायलेल्या. माझ्या तोंडून रोजचंच निघालं.

"आत्याबाई, पाणी देऊ का?"

ते निंबावर गेलं. तिथून उतारावर, गाड्यांवरून, घोड्यांच्या कानांवरून, पार टोकापर्यंत. एकही अक्षर मोडलं नाही. घाटाच्या त्या टोकाला कुणीतरी हसून पाण्याची कळशी उंच धरली. आणि बायकांच्या घोळक्यातून, मशीन नाही, माईक नाही, नुसत्या गळ्याने, आत्याबाई ओरडल्या, "दे बाई, दे! ऐकू आलं!"

असं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. अख्खा चढ हसत होता. आता ते हसू माझ्यावर नव्हतं, आणि आबांवरही नव्हतं. त्या हसण्यातच माझी भीती कुठे सांडली कळलं नाही. मी माईकमध्येच बोलायला लागले, गोठ्यात बैलांशी बोलावं तसं.

"गोठ्याचं दार ठेंगणं असतं," मी म्हटलं. "या माईकचं दारही ठेंगणं आहे. मोठा भारा घेऊन ताठ मानेनं शिरलं की शेंडे मोडतात. ज्वारीचा कडबा की बाजरीचं सरमाड, ते शेंड्यांवरून ओळखतो आपण. शेंडे गेले की सगळं सारखंच दिसतं. म्हणून पुकारलेलं नाव ओळखू आलं नाही. आणि ती खरखर आबांच्या आवाजाची नव्हती. चौकटीची होती."

"मंग बटण बारीक केलं तवा का न्हाई थांबली?" पाटलांनी विचारलं. पण आता त्यांच्या विचारण्यात ऐकणं होतं.

"भारा आत आल्यावर बारीक केला तर मोडलेले शेंडे परत येतात का, पाटील?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "न्हाई येत," ते म्हणाले.

"दारात तेवढं वाकायचं. आत जागा खूप आहे. लांब न्यायचं काम कर्ण्याचं."

राघूआबा माझ्याकडे बघत होते. सगळी जत्रा त्यांच्याकडे बघत होती. "म्हंजे मी वाकायचं?" ते म्हणाले.

मी माईक खाली धरला. हे मला कर्ण्यातून सांगायचं नव्हतं. "आबा, भारा तुमचा मोठा आहे. एवढा मोठा भारा कुणाचाच नाही. दार ठेंगणं आहे, त्याला तुम्ही काय करणार? कानावरचा हात काढा. एक पाऊल मागे या. आणि घरात ठकूबाईंशी बोलता तसं बोला."

"घरात बोलतो का त्यो?" एक जण म्हणाला.

"बोलतो!" ठकूबाई फिस्कारल्या. "तुमाला कुटनं ठावं आसनार?"

आबा एक पाऊल मागे सरले. त्यांनी कानावरचा हात काढला. तो हात मग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो छातीवर ठेवला. आणि ते बोलले.

"चाकणचा गाडा. या रं माझ्या वाघांनो. सावकाश जुपा. घोडीला पानी दावा आधी."

हा कुठला आवाज होता? खोल, जड, जुन्या विहिरीतल्या पाण्यासारखा गार. त्यात किंचित कंप होता, आणि तो कंपसुद्धा सगळ्यांना ऐकू आला. दवंडी ऐकून ऐकून म्हातारी झालेली माणसं माना वर करून कर्ण्याकडे बघत होती. त्यांच्या गावात हा आवाज एवढी वर्षं राहत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. माझ्या शेजारी ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे कान लाल झाले होते.

"ह्यो तर घरातला आवाज हाय," त्या पुटपुटल्या.

"असा बोलतो व्हय गं तुझ्याशी?" मागची बाई म्हणाली.

"गप गं."

तिकडे टोकाला चाकणच्या गाड्याचे बैल जुंपले गेले. घोडी उधळली, धूळ उठली, जमीन हादरली, आणि त्या सगळ्या गदारोळावर आबांचा आवाज शांतपणे चालत होता, भरल्या ओढ्यातून ओळखीच्या दगडांवर पाय टाकत पलीकडे जाणाऱ्या माणसासारखा. दिवेलागणीपर्यंत त्यांनी गाडे पुकारले. गळा बसला नाही. शेवटचा गाडा झाल्यावर पाटलांनी त्यांच्या डोक्यावर गुलाल टाकला, आणि आबांनी त्यातला चिमूटभर घेऊन कर्ण्याला लावला.

परत येताना बैलगाडीत आत्याबाईंनी कर्णा मांडीवर घेतला होता. चांदणं होतं, इंद्रायणीवरून गार वारा येत होता. मग ह्यांच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "तशीबी ती भाकड व्हायला आली व्हती." म्हशीबद्दल एवढंच. हे गाडी हाकत होते. ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण बैलांना उगीचच शीळ घातली.

नंतर हा कर्णा चाकणला गेला, मोशीला गेला, माझ्या माहेरी रावेतला गेला. किती लग्नं, किती जत्रा. कुणी माईक दातांत धरला की लोकच ओरडायचे, "दारात वाक रं!" हा शब्द कुठून आला ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं. आता गणपतीत आमच्या कोपऱ्यावर भिंतीएवढे स्पीकर लागतात आणि खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि आतलं गाणं कुठलं ते कळत नाही. मी गॅलरीत उभी राहते आणि मनात म्हणते, वाका रे पोरांनो, शेंडे मोडतायत.

आत्याबाईंनी त्यानंतर मला कधी मांजर म्हटलं नाही. दुपारी त्या उंबऱ्यात आल्या की मी पूर्वीसारखीच, तेवढ्याच आवाजात विचारायची. आणि त्या पायातली चप्पल काढायच्या आधी म्हणायच्या, "दे बाई, दे." घरात तो शब्दच झाला. माझी मुलं तो म्हणत मोठी झाली.

आज सकाळी कर्णा पुसून झाला होता. नात वर तिच्या खोलीत गेली होती. अंगणात उन्हं आली होती आणि कर्ण्याच्या आतला पत्रा जिथे जिथे शिल्लक होता तिथे चमकत होता. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग मी खाली बसून त्याच्या अरुंद तोंडाशी ओठ नेले. बॅटरी नाही, मशीन नाही, हे नाहीत. मी किंचित वाकले आणि म्हटलं,

"पाणी देऊ का?"

वरच्या खिडकीतून लगेच आवाज आला, "दे बाई, दे!"